मामांना वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

मागची दोन वर्षं मी जे वाचलं ते जवळजवळ सगळं मोठ्यानं वाचलं. आमच्या मामांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी. त्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी आटपाडी, दिघंची, खरसुंडी या बाजूला. निवृत्त झाल्यावर काचबिंदू निघाला आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता. माणसं, दारं, उजेड एवढं कळतं, अक्षरं मात्र गेली. पेपर सुटला तसे मामा दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. मी घरीच ब्लाउज शिवते. एका रात्री मशीन झाकलं आणि सहज म्हटलं, "मामा, वाचून दाखवू का काही?" ते म्हणाले, "बातम्या नको. गोष्ट असली तर वाच."

तेव्हापासून जेवणं झाली की रोज तासभर वाचते. तासाला वीस पानं होतात. विट्यातल्या वाचनालयाची वर्गणी महिना ५० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं. काय वाचायचं याचा काही बेत नव्हता. कपाटात हाताला लागेल ते आणलं, त्यामुळं सगळी सरमिसळ आहे. पण मोठ्यानं वाचल्यावर पुस्तक लपत नाही, एवढं मला कळलं. डोळ्यांनी वाचताना मी पोकळ वाक्यावरून घसरून पुढं जायची. आता तेच वाक्य तोंडातून काढावं लागतं, आणि समोर ऐकणारा माणूस हुं म्हणायचा थांबतो.

सगळ्यात आधी 'बनगरवाडी' आणली. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलं, त्या रस्त्यानं मामांच्या गाडीच्या किती फेऱ्या झाल्या असतील. पुस्तक १९५५ सालचं आणि गोष्ट त्याच्याही आधीची, औंध संस्थानातली. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पहिल्या पाच पानांतच मामा उठून बसले. वाडीचा म्होरक्या कारभारी बोलायला लागला तसे त्याची वाक्यं माझ्या आधी पुरी करायला लागले. मी सांगली शहरातली, माझ्या तोंडात ते हेल नीट बसत नव्हते. मामा मला थांबवायचे, शब्द म्हणून दाखवायचे, मग मी तसा म्हणायची. एक आठवडा आमचं वाचन कमी आणि शिकवणी जास्त चालली.

या पुस्तकाची वाक्यं आखूड आहेत. श्वास जिथं संपतो तिथंच वाक्य संपतं, म्हणून वाचताना दम लागत नाही. आणि लेखक रडत नाही. शेकूच्या नांगराला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको, हा प्रसंग माडगूळकर कसा सांगतात ते मी दोनदा वाचलं. कुठं हळहळ नाही, बाईच्या थोरवीचं कौतुक नाही. ती जू खांद्यावर घेते आणि नांगर चालतो, बस्स. मामा म्हणाले, "असंच असतं. बघणाऱ्याला वाईट वाटतं. वढणाऱ्याला वेळ न्हाय."

मी स्वतः अडले ती कारभाऱ्याच्या पोरीच्या, अंजीच्या चोळीपाशी. त्या चोळीवरून मास्तरांवर संशय येतो, कारभारी बिथरतो. शहरातल्या वाचकाला हे जरा ओढून आणलेलं वाटेल. मला अजिबात वाटलं नाही. १८ वर्षं बायकांची मापं घेते मी. गळा दोन बोटं मोठा झाला म्हणून घरात भांडण लागलेलं मी पाहिलंय. चोळी कुणी आणून दिली, हे विचारणारी माणसं अजून गेलेली नाहीत.

शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. ते वाचताना मामा १९७२ सालात गेले. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. दुष्काळात मिळायच्या त्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी. पुस्तक मिटलं तरी तासभर बोलत होते. लग्न होऊन वीस वर्षं झाली, यातलं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'बनगरवाडी'ला मी नावं ठेवू शकत नाही. आजपर्यंत वाचलेल्यांत ती पहिली.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'वरून मात्र आमचं जोरात वाजलं. ७०० च्या वर पानं, बरेच आठवडे लागले. अकरावीत असताना मी ती चार दिवसांत संपवली होती आणि कर्णासाठी उशी भिजवली होती. या वेळी मला ती जड गेली, आणि ते मी स्पष्ट सांगणार आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण अशी सहा जणं आपापली बाजू सांगतात. कल्पना मोठी आहे, पण सगळ्यांची भाषा एकच. दुर्योधन संपून शोण सुरू झाला की माझ्या आवाजात काही बदलायला नको होतं, कारण कागदावरच काही बदललेलं नसायचं. सूर्य उगवला की उपमा, मावळला की उपमा. तीन ओळींचं वाक्य संपेस्तोवर त्याची सुरुवात माझीच मला आठवायची नाही. दुःख आलं की शिवाजी सावंत त्याला इतके अलंकार चढवतात की ते दुःख मला दिसेनासं होतं.

मामांना हे एक अक्षर पटलं नाही. त्यांच्यासाठी कर्ण म्हणजे सारथ्याच्या घरात वाढलेला पोरगा. "अधिरथ ड्रायव्हरच की," ते म्हणाले. रथाचं चाक रुततं तो भाग त्यांनी तीन वेळा वाचून घेतला. त्यांची गाडी एकदा भर पावसात ओढ्याकाठी अशीच रुतली होती आणि आत चाळीस माणसं होती. पण सगळ्यात जास्त राग त्यांना शल्याचा आला. कर्णाचा सारथी होऊन तो कर्णालाच खचवतो. "स्टेअरिंगवर बसलेल्यानं मागच्याला भ्या दाखवायचं नसतं. हे पाप हाय," म्हणाले आणि त्या रात्री पुढं वाचू दिलं नाही. महाभारत मी कितीदा ऐकलं, पण शल्याकडं मी कधी असं पाहिलं नव्हतं. माझं मत बदललं नाही, पुस्तक मला पाल्हाळिकच वाटतं. पण ज्यानं हे पुस्तक जिवाला लावून घेतलंय, त्याला मी आता हसणार नाही.

मग 'धग'. उद्धव शेळक्यांची, १९६० सालची. घर शिंप्याचं आहे म्हणून मी हौसेनं घेतली. संवाद वऱ्हाडी, आणि पहिले दोन दिवस आम्हा दोघांची जीभ आणि कान दोन्ही अडखळले. 'काहून' म्हणजे 'का' हे लक्षात यायला वेळ लागला नाही, बाकीचं अंदाजानं लावत गेलो. तिसऱ्या दिवशी गंमत झाली. कागदावर जे कळत नव्हतं ते मोठ्यानं म्हटलं की कळायला लागलं. वऱ्हाडी कुणाला अवघड वाटत असेल तर त्यानं 'धग' ओठ हलवून वाचावी, एवढंच सांगेन.

या घरातल्या कौतिकबद्दल लिहायला मला जड जातं. ती राबते, हिशेब करते, पुन्हा उभी राहते, आणि नवरा महादेव प्रत्येक वेळी पाय काढून घेतो. त्याला लेखकानं राक्षस केलेलं नाही, म्हणूनच त्याचा जास्त संताप येतो. असे महादेव माझ्या गिऱ्हाइकांच्या घरात मला नावानिशी माहीत आहेत. त्यांच्या बायका ब्लाउजचे पैसे तीन हप्त्यांत देतात. शेवटची चाळीस पानं मी मामांना वाचून दाखवताना थांबत थांबत वाचली. त्यातलं एक पान वाचताना गाळलंही. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल मधी काय सोडलंस?" मग ते वाचलं. ही कादंबरी 'बनगरवाडी'इतकीच खरी आहे, पण पुन्हा हातात घ्यायचं धाडस मला होईल असं वाटत नाही.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आम्हाला लाभली नाही. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द डोळ्यांनी वाचताना पांडुरंग सांगवीकरच्या स्वभावातून आलेले वाटतात. मोठ्यानं वाचताना पानागणिक ठेच लागते. मामांनी आठव्या दिवशी विचारलं, "ह्या पोराला काम न्हाय का काही?" पण त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते ती पानं आली आणि मामांचं हुं हुं थांबलं. त्यांची धाकटी बहीण अशीच गेली होती, हे मला त्या रात्री कळलं. नेमाड्यांचं बाकीचं पुस्तक मी कुणाला आग्रहानं देणार नाही. ती पानं मात्र प्रत्येकानं वाचावीत.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' आठ दिवसांत उडाली. नववीतली पोरं, शिरोडकर नावाची मुलगी, आणीबाणीचा काळ. शिव्या आल्या की मी सासऱ्यांसमोर आवाज खाली आणायची आणि मामा नेमके तिथंच हसायचे. 'फकिरा'ची तऱ्हा वेगळी. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे आणि वाचताना ती पोवाड्यासारखी चढत जाते. फकिराचा बाप राणोजी जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, घेऊन येतो त्या रात्री आमची झोप राहिली. मामा म्हणतात अण्णा भाऊंच्या वाटेगावचा रस्ता त्यांना डोळे झाकून येतो. पुढंपुढं माणसं फार सरळ होतात, चांगला तो चांगलाच आणि वाईट तो वाईटच, हे मला जाणवलं. मामांना जाणवलं नाही.

विज्ञानकथा मी स्वतः कधी घेतली नसती. मुलानं आणायला लावली म्हणून नारळीकर वाचले. 'उजव्या सोंडेचा गणपती' या गोष्टीत नेहमी उजव्या हातानं गोलंदाजी करणारा माणूस अचानक डाव्या हातानं टाकायला लागतो, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, अक्षरं उलटी होतात. समजावून सांगायला मला जमेना. मामांनीच सांगितलं, "रुग्णवाहिकेच्या तोंडावर नाव उलटं लिवत्यात. का? पुढच्या ड्रायव्हरला आरशात सुलटं दिसावं म्हणून. ह्यो माणूस आरशात जाऊन आलाय." मुलगा आ वासून बघत राहिला. त्यानंच मग सांगितलं की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना नारळीकरांनी नाव घातलं होतं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीसही त्याच नावाला मिळालं. त्यांच्या गोष्टींतली माणसं मला पुठ्ठ्याची वाटतात, मधेच वर्गात बसल्यासारखंही वाटतं. तरी एक कल्पना घेऊन ते ती शेवटापर्यंत सोडत नाहीत, आणि आमच्या घरात तीन पिढ्या एका वेळी ऐकत बसल्या त्या फक्त याच पुस्तकाला.

'रणांगण' मी मामांना वाचून दाखवायचं टाळणार होते. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ही लहानशी कादंबरी. युरोपातून मुंबईकडं निघालेली बोट, हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. त्यांचं प्रेम ज्या उघडेपणानं लिहिलंय ते सासऱ्यांसमोर माझ्या तोंडातून निघेना. मी अडखळले, पान उलटलं. मामा म्हणाले, "वाच की. मी पन माणूसच हाय." मग वाचलं. थोड्या वेळानं लाज गेली आणि नुसती भीती उरली, कारण बोट जसजशी मुंबईजवळ येते तसतसं त्या दोघांचं संपत येतंय हे कळत जातं. चक्रधर मुंबईला उतरणार आणि हॅर्टाला उतरायला जागा नाही. शंभर-सव्वाशे पानांत एवढं मोठं युद्ध कसं मावलं हे मला अजून उमगलेलं नाही. मराठीत प्रेमावर मी वाचलेलं याच्या तोडीचं दुसरं नाही.

वाचनालयाच्या प्रतींबद्दल एक तक्रार करते. एका रहस्यकथेचा शेवटचा फर्माच, म्हणजे शेवटच्या पानांचा गठ्ठाच नव्हता, खून कुणी केला ते राहून गेलं. पुस्तक घरी देताना पानं बघून द्यावीत एवढी साधी गोष्ट आहे.

आणि जी. ए. कुलकर्णी. 'पिंगळावेळ' मधली 'स्वामी' मी आधी वाचून न बघता सुरू केली, ही माझी चूक. एक साधा माणूस मठात नेला जातो, त्याचा मान होतो, आणि मग तो जमिनीखालच्या खोलीत कायमचा कोंडला जातो. अंधार, भिंती, हवेसाठी वरती एक भोक. चार पानं झाली आणि मामांनी हात वर केला. "आज ऱ्हाऊ दे." मला एकदम उमगलं मी कुणासमोर काय वाचत होते. पुस्तक परत करायला पिशवीत घातलं.

चार दिवसांनी त्यांनीच मागितलं. "त्याचं पुढं काय झालं ते कळाय पायजे." मी वाचलं. जी. एं.चं वाक्य दाट असतं, पण 'मृत्युंजय'सारखं फुगलेलं नाही, शब्द काढायला गेलं तर गोष्टीचा धागा उसवतो. तो माणूस त्या अंधारात एक वेल वाढवतो आणि वेल वरच्या भोकातून उजेडाकडं जातो. तो माणूस आतच राहतो. संपल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मीही पुस्तकाबद्दल काही विचारलं नाही.

सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि त्यांची कॉट आतल्या खोलीतून ओसरीवर काढायला लावली. आता वाचन तिथंच होतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असतात, त्यामुळं आवाज चढवावा लागतो. सध्या श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' चालू आहे, ६० पानं झालीत. आमच्यापैकी कुणीच ते कोकण पाहिलेलं नाही, म्हणून बापूची वाडी कशी असेल त्याचं वर्णन आलं की मामा मला सावकाश वाचायला सांगतात.