आयएसओ तपासायचा कशाने: चेकसम, टॉरेंट की सही?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि माझ्याकडे जुन्या लॅपटॉपांची रांग लागली. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही. परवा मानकापूरहून भाचा आला, मिंट या लिनक्स सिस्टिमचा आयएसओ (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) डाउनलोड करूनच. एक घरचा लॅपटॉप आणि त्याच्या क्लासमधली आठ मशीन. मी विचारलं, फाइल तपासली का? तर म्हणे, "मामा, पूर्ण डाउनलोड झाली ना, आता अजून काय तपासाचं?"

तपासायचे रस्ते तीन आहेत. तिन्ही एकच काम करत नाहीत, गोंधळ तिथेच होतो.

चेकसम सगळ्यात सोपा. फाइलवर गणित करून ६४ अक्षरांचा शा-२५६ आकडा काढायचा आणि साइटवर दिलेल्याशी ताडून पाहायचा. विंडोजवर पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही कमांड तो देते, आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणाऱ्या रुफसमध्येही बटण आहे. तीन जीबीच्या फाइलला जुन्या मशीनवर मिनिट-दीड मिनिट लागतं. फाइलमधला एक बिट बदलला तरी आकडा पार वेगळा निघतो. मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते, राउटर बसतो, डाउनलोड पुन्हा जोडून घ्यावं लागतं; अशा फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि आत मात्र तुकडा बिघडलेला असतो. तो चेकसमला हमखास सापडतो. (कुठे नुसता एमडी५, म्हणजे जुन्या पद्धतीचा चेकसम, दिलेला असेल तर तो एवढ्यापुरताच कामाचा. एकाच एमडी५च्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४मध्येच दाखवून झालंय.)

पण तो आकडा तुम्ही घेतला कुठून? २० फेब्रुवारी २०१६ला याच मिंटची वेबसाइट फोडली गेली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक मागचं दार (चोराला गुपचूप आत शिरायची सोय) ठेवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. जो लिंक बदलू शकतो, तो शेजारचा आकडाही बदलू शकतो. मग खोटी फाइल खोट्या आकड्याशी तंतोतंत जुळणार आणि आपण खूश. आकडा दुसऱ्या ठिकाणाहून, म्हणजे त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या एखाद्या मोठ्या मिरर सर्व्हरवरून, पडताळला तर धोका बराच उतरतो, जात नाही.

टॉरेंटबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी आहे. त्यात फाइल एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या मशीनवरून तुकड्या-तुकड्यांनी येते. टॉरेंट क्लायंट, म्हणजे ती उतरवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक तुकडा येता येता तपासतो, बिघडलेला तेवढाच पुन्हा मागवतो. त्या २०१६च्या प्रकरणात टॉरेंटने घेणारे सुटले होते. आपल्याकडच्या लाइट-नेटच्या खेळात मी तरी आयएसओ टॉरेंटनेच घेतो. मात्र टॉरेंट फाइल मूळ साइटचीच हवी. कुठल्याशा सर्चमधून उचललेली असेल तर ती चुकीचीच फाइल अगदी अचूक आणून देईल.

सही हा तिसरा रस्ता, आणि कंटाळवाणा. इतवारीच्या सराफ्यात तराजू आणि हॉलमार्क ही दोन वेगळी कामं आहेत, तसंच इथे: चेकसम म्हणजे वजन, सही म्हणजे हॉलमार्क. मिंट, उबुंटू, डेबियन हे लिनक्सवाले चेकसमच्या यादीवर आपल्या खासगी किल्लीने (फक्त त्यांच्याकडे असलेल्या गुप्त कोडने) जीपीजी ही डिजिटल सही करतात. साइट फोडणाऱ्याला ती सही करता येत नाही, कारण किल्ली त्या सर्व्हरवर नसते, निदान नसावी. विंडोजवर यासाठी क्लिओपात्रा हे सॉफ्टवेअर टाकायचं, सही तपासणारी त्यांची सार्वजनिक किल्ली आणायची आणि तिचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखीचा आकडा, दोन वेगळ्या जागी जुळवायचा. सारा जीव या शेवटच्या पायरीत आहे. ती गाळली तर चोराच्या किल्लीनेही सही "बरोबर" येते. सही जुळल्यावरही किल्ली प्रमाणित नसल्याचा इशारा येतो, त्याने घाबरू नका. तुम्ही त्या किल्लीची खात्री नोंदवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सही तपासली तरी आयएसओचा चेकसम त्या यादीशी जुळवायचा राहतोच.

उबुंटूचं मशीन हाताशी असेल तर त्यांच्या किल्ल्या त्यात आधीच असतात, अर्धा त्रास वाचतो. विंडोज ११च्या आयएसओला अशी वेगळी सही मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट डाउनलोडच्या पानावर शा-२५६चे आकडे देतं, त्यावर भागवायचं. "सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी) आहे की" असं कोणी म्हटलं तर सांगा, तो सिस्टिम चालू करणारा सुरुवातीचा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, बघतो, अख्खा आयएसओ नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं: घरचा एकच लॅपटॉप असता तर टॉरेंटने घे किंवा चेकसम जुळव, बास. पण आठ मशीनवर पोरं बसणार, फाइल एकच. तिथे अर्धा तास सहीला दे. किल्ली एकदा आणली की पुढच्या आवृत्तीला दोन मिनिटांचं काम.

त्याने कुरकुरत केलं. सही जुळली, चेकसम जुळला. मग एचर या सॉफ्टवेअरने आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिला आणि लिहून झाल्यावरची पडताळणी आपटली. बर्डीवर फुटपाथवरून घेतलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, आत जागा निघाली जेमतेम दोन जीबीची. आता तो नवा घ्यायला गेलाय, बिल मागून घे म्हटलंय.