सोमवारी ट्रकमधून आलेला सिंह

दक्षिण आफ्रिकेत शिकारीच्या सफारीला जाण्याचा, किंवा नुसता कॅमेरा घेऊन सोबत जाण्याचा विचार कोणी करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्याने आमचा अनुभव वाचावा, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

नोकरीनिमित्त मी सहा वर्षे जोहान्सबर्गमध्ये होतो. मी शिकारी नाही, छायाचित्रे काढतो. माझे एक ज्येष्ठ सहकारी मात्र तरुणपणापासून कुडू आणि इम्पाला या तिकडच्या हरणांची शिकार करत आलेले, आणि रानातल्या सिंहाचा पायी माग काढण्याची त्यांची जुनी इच्छा होती. त्यांनी नॉर्थ वेस्ट प्रांतातल्या, बोत्स्वानाच्या सीमेकडच्या एका खासगी फार्मवर नोंदणी केली आणि मी ‘ऑब्झर्व्हर’, म्हणजे शिकार न करता नुसता सोबत जाणारा, म्हणून दिवसाचे वेगळे शुल्क भरले. शिकारीसाठी ठरवलेला नर सीमेपलीकडून आलेला, गुरे मारणारा मोकळा सिंह आहे आणि दोन दिवसांत तो नक्की मिळेल, असे आयोजकाने लेखी कळवले होते. निम्मी रक्कम आगाऊ गेली. ‘नक्की’ या शब्दापाशीच आम्ही थांबायला हवे होते.

जुलैतली, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातली पहाट होती, गवतावरचे दव गोठले होते. लाल वाळूत ताजे ठसे दिसले तेव्हा माझेही काळीज धडधडले, हे कबूल करतो. माग काढणारा पुढे, मागे बंदूकधारी मार्गदर्शक, मग आम्ही, असे जवळजवळ तीन तास चाललो. पण पाण्याचा एक फुटका सिमेंटचा हौद मला दोनदा दिसला, आणि विजेच्या तारांचे उंच कुंपण एकदा डावीकडे, तर थोड्या वेळाने उजवीकडे आले. आम्हाला गोल फिरवले जात होते. दहाच्या सुमारास एका काटेरी बाभळीखाली सिंह बसलेला दिसला. मागून येणाऱ्या आमच्या गाडीचा आवाज ऐकताच तो उठला आणि लपण्याऐवजी, गुरगुरण्याऐवजी, आवाजाच्या दिशेने चार पावले चालत आला. गाडी आली की खायला मिळते, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, असा प्राणीच असे करतो. मला ते तेव्हा कळले नाही. सहकाऱ्यांनी गोळी झाडली.

कातडे सोलण्याच्या शेडमध्ये मी जवळून पाहिले. पूर्ण वाढलेला नर, पण चेहऱ्यावर झुंजीचा एकही व्रण नव्हता, आणि कोपरांवरचे केस सिमेंटवर बसून झिजावेत तसे झिजलेले होते. तिथल्या एका कामगाराला मी सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला की सिंह सोमवारी ट्रकमधून आला. तो दिवस शुक्रवार होता.

यालाच तिकडे ‘कॅन्ड हंटिंग’ म्हणतात: पिंजऱ्यात वाढवलेला सिंह कुंपणाच्या आत सोडायचा आणि शिकाऱ्याला रानटी म्हणून विकायचा. सिंह सोडल्यानंतर किमान चोवीस महिने शिकार करू नये, असा नियम केंद्र सरकारने केला होता, पण सिंहपैदास करणाऱ्यांच्या दाव्यावर वरिष्ठ न्यायालयाने तो 2010 मध्ये रद्द ठरवला. त्यानंतर नॉर्थ वेस्ट प्रांतात ही मुदत अवघ्या 96 तासांची राहिली. खरोखर मोकळे सिंह दक्षिण आफ्रिकेत मुख्यतः क्रूगर आणि कगालागाडी या उद्यानांत आहेत, बाकीचे बहुतेक कुंपणाआड. टांझानियात रानातल्या सिंहाच्या शिकारीसाठी एकवीस दिवसांची सफारी घ्यावी लागते, आणि तरीही अनेकजण रिकाम्या हाताने परततात. दोन दिवसांत खात्रीने मिळणारा सिंह कुठून येणार, हा साधा प्रश्न आम्ही विचारला नाही.

मला अधिक लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या दोन वर्षे आधी मी पत्नी आणि मुलीला घेऊन एका ‘सिंह उद्यानात’ गेलो होतो. तिथे मुलीने एका छाव्याला बाटलीने दूध पाजले. आई मेलेली आहे, मोठा झाल्यावर त्याला जंगलात सोडणार आहोत, असे आम्हाला सांगितले गेले. रानात सिंहीण साधारण दोन वर्षांनी विते; पिल्ले जन्मल्यावर काही दिवसांतच काढून घेतली की ती पुन्हा लवकर माजावर येते, म्हणून पर्यटकांसाठी छावे वर्षभर मिळत राहतात. माणसाच्या हातून वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तो मोठा झाला की शिकारीच्या फार्मवर जातो, आणि त्याची हाडे आग्नेय आशियात विकली जात होती. 2017 मध्ये सरकारने 800 सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. म्हणजे आम्ही एकाच धंद्याला दोनदा पैसे दिले, आधी छाव्यासाठी, मग त्याच्यासारख्याच एकाच्या मरणासाठी. 2021 च्या मे महिन्यात तिथल्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी ही बंदिस्त पैदास थांबवण्याचे धोरण जाहीर केले, तरी धंदा लगेच बंद झाला नाही.

म्हणून मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्या सहलीत छाव्याला हात लावण्याची किंवा सिंहांसोबत चालण्याची सोय आहे, ती सहल एजंट कितीही ओळखीचा असला तरी नाकारा. शिकारीच्या फार्मवर कोणासोबत जाणारच असाल, तर प्राणी कुठे जन्मला आणि तिथे कधी सोडला, हे परवान्याच्या प्रतीसह आधी लेखी मागा. टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम देऊ नका.

आम्ही पैसे परत मागितले. शिकार पूर्ण झाली आहे, असे उत्तर आले. प्रांताच्या कार्यालयात तक्रार केली, तेव्हा परवाना नियमानुसार आहे आणि 96 तास पूर्ण झाले होते, असे कळवण्यात आले. सहकाऱ्यांनी ते कातडे घेण्यास नकार दिला आणि त्यानंतर बंदूक विकून टाकली.