मस्टँगचे क्राउन-पिनियन आणि ट्रकचे मिस्त्री: हिंगणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपचे परीक्षण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या परिसरात ट्रक आणि ट्रॅक्टरचे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारी गिअरांची जोडणी, बांधून देणारे एक वर्कशॉप आहे. त्याला पाटी नाही, आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘मिस्त्रीकाका’ म्हणूनच ओळखतात. माझ्या १९६७ च्या फोर्ड मस्टँगच्या मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची फेरी चाकांकडे वळवणारी गिअरांची जोडी, बदलण्याचे काम मी त्यांच्याकडे दिले. जुन्या अमेरिकन गाडीला यापूर्वी त्यांचा हात लागलेला नव्हता, त्यामुळे मित्रमंडळींनी मला वेड्यातच काढले. मिस्त्रीकाकांच्या कामाबद्दल सांगण्याआधी रेशोच्या, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांच्या गुणोत्तराच्या, निवडीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण रेशोच चुकीचा मागवला तर उत्तम कारागिराच्या हातूनही चुकीचीच गाडी तयार होते.

गाडीत २८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचे व्ही-एट इंजिन आहे आणि त्यामागे फोर्डचा सी-४ हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कंपनीच्या तेव्हाच्या आकड्यांनुसार हे इंजिन मिनिटाला ४४०० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती देते, पण त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्याच्या कितीतरी आधी, २४०० फेऱ्यांनाच शिखर गाठतो. मागे आठ इंची अ‍ॅक्सल असून त्यात मूळचा रेशो २.७९ होता; क्राउनला ३९ दात आणि पिनियनला १४. अमेरिकेतील लांब, सरळ महामार्गांवर इंजिन शांत राहावे आणि पेट्रोल कमी लागावे, अशा हिशेबाने दिलेला हा रेशो सीताबर्डी ते सदर अशा सिग्नलांच्या रांगेत फार सुस्त वाटतो. सी-४ चा पहिला गिअर २.४६ चा असल्याने पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर जेमतेम ६.८६ भरते, आणि आठ सिलिंडरांची गाडी सिग्नल सुटल्यावर रिक्षाच्या मागे राहते.

अशा वेळी बहुतेक हौशी मंडळींच्या तोंडी पहिला आकडा येतो तो ४.११ चा. ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल धावणाऱ्या गाडीसाठी तो योग्य असेलही. रस्त्यावरच्या गाडीचे गणित मात्र टायरपासून सुरू करावे लागते. माझ्या गाडीला १९५/७५ आर १४ मापाचे टायर आहेत, ज्यांचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर आणि परीघ दोन मीटरहून किंचित अधिक आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटाला साधारण ८१९ वेळा फिरते, आणि त्याला रेशोने गुणले की टॉप गिअरमधील इंजिनाच्या फेऱ्या मिळतात. २.७९ ला त्या सुमारे २२८५ येतात, ३.२५ ला २६६०, ३.५५ ला २९०५ आणि ४.११ ला ३३६५. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरणीमुळे प्रत्यक्षात थोड्या जास्तच. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला ४.११ वर इंजिन चार हजारांपलीकडे, म्हणजे कमाल शक्तीच्या जवळ, तासन्‌तास गरगरत राहील. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, जुन्या रेडिएटरच्या भरवशावर हे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खरा मोह ३.५५ चा होता. ज्याच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकाहून कमी गुणोत्तराचा वरचा गिअर, असलेला गिअरबॉक्स आहे त्याने तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरणार्थ, फोर्डच्या एओडी गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.६७ चा असल्याने ३.५५ चा परिणामी रेशो २.३८ इतका खाली येतो, आणि शहरातील चपळाई व महामार्गावरील शांतता ही दोन्ही पदरात पडतात. तीनच गतींच्या सी-४ मध्ये ती सोय नाही. शिवमडक्याहून समृद्धीला लागून वर्धा ओलांडेपर्यंत इंजिनाचा एकसुरी आवाज कानात साठवण्यापेक्षा मी ३.२५ वर समाधान मानले. त्याने पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर ८ वर जाते, चाकापर्यंत पोहोचणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे साडेसोळा टक्क्यांनी वाढतो, आणि चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेकही अधिक लागतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हा शेवटचा फायदा मी मोठा मानतो.

नवा संच मागवण्याआधी जुन्या रेशोची खात्री करून घ्यावी. हौसिंगच्या बोल्टला मुळात एक लहान पत्र्याची चकती असते आणि तिच्यावर रेशो ठोकलेला असतो, पण इतक्या वर्षांत ती बहुधा गळून गेलेली असते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक जमिनीवर स्थिर ठेवून दुसरे उचलावे, उचललेले चाक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवावे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजावे; तोच रेशो. संच अमेरिकेतून आला. त्याच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि सीमाशुल्क हेच अंगावर येते, तेव्हा बेअरिंग, सील आणि क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबणारी नळी) त्याच खोक्यात मागवणे शहाणपणाचे.

आता वर्कशॉप. हे काम नागपुरात होऊ शकले याचे अर्धे श्रेय फोर्डच्या रचनेला आहे. जनरल मोटर्सच्या दहा किंवा बारा बोल्टच्या अ‍ॅक्सलमध्ये सगळी जुळणी गाडीखालीच, मागचे झाकण काढून, हौसिंगमध्ये करावी लागते. फोर्डच्या आठ आणि नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये मात्र ब्रेक प्लेटजवळचे चार नट सोडवून दोन्ही शाफ्ट बाहेर ओढले की डिफरन्शियलचा पूर्ण गोळा पुढच्या बाजूने उतरतो आणि टेबलावर ठेवून बांधता येतो. ट्रकचे डिफरन्शियल बांधण्यात हयात गेलेल्या माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नव्हते. मिस्त्रीकाकांनी तो गोळा एकदा हातात फिरवून पाहिला आणि ‘हा तर आपल्या ट्रकचाच लहान भाऊ आहे’ एवढेच म्हणाले.

त्यांच्या कामात मला सर्वांत आवडली ती मोजण्याची शिस्त. शहरातील अनेक गॅरेजांत क्राउन-पिनियन ‘हाताच्या अंदाजाने’ बसवले जाते आणि महिन्याभरात गाडी ठरावीक वेगाला गुणगुणू लागते. येथे प्रत्येक टप्प्यावर डायल गेज लावला गेला. पिनियनची खोली शिमने, म्हणजे धातूच्या पातळ चकतीने, ठरवली, बाजूचे अ‍ॅडजस्टिंग नट फिरवून दातांमधील बॅकलॅश, म्हणजे मोकळी जागा, क्राउनभोवती वेगवेगळ्या ठिकाणी मोजला, आणि तो पाव मिलिमीटरच्या आसपास सर्वत्र सारखा येईपर्यंत काका पुढे सरकले नाहीत. त्यानंतर दातांवर निळा रंग लावून, क्राउन हाताने दाबून धरत पिनियन फिरवून ठसा तपासला. पहिला ठसा दाताच्या मुळाकडे झुकलेला होता, म्हणजे पिनियन गरजेपेक्षा आत बसला होता. ट्रकच्या गिऱ्हाइकाला कदाचित तेवढे चालले असते, पण काकांनी प्रेसवर बेअरिंग पुन्हा काढून शिम बदलला, आणि ठसा दाताच्या मधोमध आल्यावरच मला बोलावून दाखवला. क्रश स्लीव्हच्या बाबतीतही ते तितकेच कडक आहेत. पिनियनचा नट जरा जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, नवीन स्लीव्ह टाकावी लागते, हे त्यांनी शिकाऊ मुलाला माझ्यासमोर समजावले. गोळा परत बसवताना स्टडवरच्या नटांखाली तांब्याचे नवे वॉशर घालायलाही ते विसरले नाहीत. हे वॉशर राहिले तर तेथून तेल पाझरत राहते.

तक्रारीही आहेत. संत्र्याच्या हंगामात काटोल-नरखेडकडचे ट्रक आले की तुमची गाडी कोपऱ्यात जाते, आणि सांगितलेली तारीख पाळली जाईल असे धरून चालू नये. बिल हिशेबाच्या वहीतील पानावर मिळते. गाडी आत उभी असताना तिच्यावर झाकण टाकायचे कोणाच्या मनात येत नाही, तेव्हा कव्हर आपणच न्यावे. मजुरी मात्र मी चौकशी केलेल्या जुन्या मोटारींच्या कोणत्याही गॅरेजच्या निम्म्याहूनही कमी होती.

तेलाबाबत मिस्त्रीकाकांशी माझा मतभेद झाला. त्यांना ट्रकमध्ये वापरतात ते १४० नंबरचे तेल घालायचे होते. जीएल-५ दर्जाचे असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात ८५-डब्ल्यू-१४० गैर नाही हे मलाही मान्य आहे, परंतु नव्या संचाच्या सुरुवातीच्या काळासाठी मी ८०-डब्ल्यू-९० चाच आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. पहिल्या फेऱ्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या ठेवाव्या, प्रत्येक फेरीनंतर अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. ते बदलले तेव्हा मॅग्नेटला बारीक राखाडी चिकटा होता, कण नव्हते. वर्धा मार्गावर वेग देताना आणि पाय उचलताना, दोन्ही वेळा अ‍ॅक्सल शांत आहे. गाडी सिग्नलवरून आता चटकन निघते आणि १०० च्या वेगाला इंजिन टॉर्कच्या शिखराच्या थोडेच वर राहते.

एक काम येथे होत नाही, ते स्पीडोमीटरचे. केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघत असल्याने नव्या रेशोनंतर काटा खऱ्या १०० ला ११६ दाखवू लागतो. माझ्या गाडीत केबल फिरवणारा अठरा दातांचा चालित गिअर होता, त्याजागी एकवीस दातांचा बसवल्यावर काटा ताळ्यावर आला. प्लॅस्टिकचा हा लहानसा भाग क्राउन-पिनियनच्याच खोक्यात मागवावा. नंतर एकट्या त्याच्यासाठी वाहतुकीचा खर्च करणे जिवावर येते.