नर्सिंग अ‍ॅडमिशनचं 'मोफत मार्गदर्शन', जळगाव: पाचपैकी दोन स्टार

नाव मुद्दाम टाकत नाहीये. अशी ऑफिसं जळगावात बसस्टँडपासून रिंग रोडपर्यंत बरीच आहेत आणि बोर्ड सगळ्यांचा साधारण सारखाच, हसरी पोरगी, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली 'नर्सिंगमध्ये करिअर, वयाची अट नाही, नोकरीची हमी'. मी त्या 'वयाची अट नाही'वर गेले होते, कारण माझं वय चौतीस आहे आणि येत्या फेब्रुवारीत पस्तीस पूर्ण होतात.

थोडं माझं सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठून लिहितेय ते कळेल. मी अमळनेरला एका खाजगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला बसते. बीकॉम झालंय, दोन पोरं शाळेत, मिस्टरांची पिकअप गाडी आहे, ती केळीच्या सीझनला चालते नि एरवी दारात उभी असते. डिपॉझिट घेणं, इन्शुरन्सच्या फायली पाठवणं, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांची बोलणी खाणं, हे काम करून करून कंटाळा आलाय. आणि काउंटरच्या समोरच जनरल वॉर्डाचं दार, त्यामुळं दिवसभर सिस्टर लोकांचं काम डोळ्यासमोर असतं. वाटायला लागलं की आपणही हे करू शकतो. हे 'वाटणं' खरं आहे का नुसता काउंटरचा कंटाळा आहे हे कोणीतरी नीट विचारावं, एवढ्यासाठी गेले होते.

आधी चांगलं ते सांगते. एसी आहे, गेल्या गेल्या थंड पाणी दिलं, मे महिन्यात अमळनेरहून गाडीनं येऊन स्टेशनपासून चालत गेलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा. काउंटरवरची पोरगी बोलायला गोड, 'मॅडम बसा ना' वगैरे. तिनं एक गोष्ट एकदम बरोबर सांगितली जी माझ्या ओळखीत कोणालाच धड माहीत नव्हती, की बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स केमिस्ट्री बायो, पण जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) आर्ट्स कॉमर्सवालेही चालतात, बारावीला इंग्लिश आणि 40 टक्के पाहिजेत. जीएनएम तीन वर्षांचं, शेवटी सहा महिने इंटर्नशिप, नंतर वाटलं तर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं करता येतं. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, ते फक्त मुली-बायकांना. हे सगळं तिनं पाठ नाही, समजून सांगितलं. एक स्टार तिचा.

आता वयाचं. मी सरळ विचारलं, मला चौतीस चालू आहे, चालेल ना? तर म्हणे हो मॅडम, वयाचं आपण बघून घेऊ, यावर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी या, आमच्याकडं चाळिशीच्या ताईपण येतात. इथं माझे कान टवकारले. कारण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएम आणि एएनएम दोन्हीला कमीत कमी 17 आणि जास्तीत जास्त 35 असं स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त आधीच एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला वयाची अट नाही. मी ते मोबाईलवर उघडून दाखवलं. पोरगी आत गेली, मग 'सर' बाहेर आले. सर म्हणाले ते नियम कागदावर असतात. अहो सर, नर्सिंगचं रजिस्ट्रेशनपण कागदावरच असतं ना! पुढच्या वर्षी या म्हणणाऱ्या माणसाला माहीत पाहिजे की माझ्यासारखीला पुढचं वर्ष नाहीये. चौतिशीतली बाई यांच्या गोड बोलण्यावर एक वर्ष थांबली असती तर तिचं दार कायमचं बंद झालं असतं, आणि ते तिला पैसे भरायला आल्यावर कळलं असतं. याच एका गोष्टीवर मी खरं तर सगळे स्टार काढून घेणार होते.

मग मी आमच्या हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवून पाठवलेला प्रश्न विचारला, तुमचं पॅरेंट हॉस्पिटल कोणतं आणि किती बेडचं? जीएनएम चालवायचं तर कॉलेजचं स्वतःचं 100 बेडचं हॉस्पिटल लागतं, पोरींना पेशंट बघायला मिळाले पाहिजेत म्हणून. उत्तर आलं 'टायअप आहे'. कोणाशी? 'दोन-तीन ठिकाणी आहे.' बेड किती? 'भरपूर.' मग आम्हाला डेमो रूम दाखवायला नेलं, दोन पलंग, एक प्लास्टिकचा पुतळा ज्याच्या एका हाताला चिकटपट्टी होती, आणि सलाईनचा स्टँड. पुतळ्याला इंजेक्शन देऊन फोटो काढून घ्या म्हणाले, स्टेटसला लावायला. मी नाही काढला. माझ्यासोबत एक नववधूसारखी दिसणारी पोरगी धुळ्याकडून आली होती तिनं काढला, तिचा उत्साह बघून बोलावंसं वाटलं पण तिची सासू सोबत होती.

फीचं म्हणाल तर कागदावर आकडा छापून देतात ही चांगली गोष्ट, पण त्यात होस्टेल, युनिफॉर्म, परीक्षा फी, 'क्लिनिकल चार्जेस' वेगळे. मुलींच्या फीमाफीचं विचारलं, 2024-25 पासून सरकारनं 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ केली आहे, पण ती सरकारी प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून आलेल्यांना, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तुमच्या या कोर्सला ती लागू आहे का, लिहून द्या म्हटलं. तर म्हणे होऊन जाईल मॅडम. लिहून काही दिलं नाही.

एवढं झाल्यावर त्यांना कळलं की ही बाई आज टोकन भरत नाही, मग दुसरा डबा उघडला. सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' कोर्स, लगेच प्लेसमेंट, वय काही बघत नाही. बोर्डावरची 'वयाची अट नाही' ती या कोर्सची होती! म्हणजे जीएनएमच्या फोटोखाली दुसऱ्याच मालाची जाहिरात. हा कोर्स वाईट असतो असं मी म्हणत नाही, पेशंटची घरी सेवा करायला, वॉर्डात मदतनीस म्हणून लागायला चालतो, त्यात कमीपणा नाही. पण तो करून कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर तुम्ही नर्स नाही, सरकारी जागेला तर फॉर्मही भरता येत नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगायला पाहिजे होतं, मी विचारल्यावरही 'अ‍ॅडजस्ट होतं' एवढंच. आणि जाताना म्हणे ओरिजिनल मार्कशीट नि दाखला ठेवून जा, सीट अडकवून ठेवतो. अजिबात ठेवू नका, कोणीच, कुठंच. झेरॉक्स द्या.

भिंतीवर मोठ्ठं लावलंय, 'सरकारी नोकरी, पगार 35,400 पासून'. आकडा खोटा नाही, महाराष्ट्रात अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, पे स्केल 35,400 ते 1,12,400 आहे. पण त्याच भिंतीवर राज्य सरकारच्या भरतीची वयाची अट लिहिलेली नाही, खुल्याला 38, मागासवर्गीयांना 43. आता माझ्यासारखीनं हिशोब करायचा. या वर्षी बसले तर तीन वर्षांनी सदतीस पार, रिझल्ट, रजिस्ट्रेशन यात काही महिने, म्हणजे खुल्या प्रवर्गात हातात जेमतेम एखादी भरती, ती निघाली तर. ज्यांना 43 आहे त्यांचं गणित एकदम वेगळं बसतं, त्यांनी या वयातही बिनधास्त विचार करावा असं माझं मत आहे. मार्गदर्शन करणाऱ्यानं पहिल्यांदा जन्मतारीख आणि प्रवर्ग विचारायला पाहिजे, यांनी पहिल्यांदा मिस्टर काय करतात ते विचारलं.

खाजगीतलं मला रोज दिसतं. नवीन जीएनएम पोरगी आमच्याकडं लागते तेव्हा तिचा पगार माझ्यापेक्षा फार वर नसतो, आणि नाइट तिलाच. पण दोन-तीन वर्षं आयसीयू केलेली टिकत नाही, नाशिकला नाहीतर सुरतला जाते, सुरतला आपलं अर्धं खान्देश आहेच, राहायला आत्याचं नाहीतर मावशीचं घर निघतंच. फक्त गुजरातला तिथल्या कौन्सिलची नोंदणी वेगळी करावी लागते, हे लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांच्या पोरीला हे सोपं, दोन पोरांच्या आईला नाही.

खरं मार्गदर्शन मला आमच्या इन्चार्ज सिस्टरनी केलं, फुकट आणि एकही ब्रोशर न देता. त्या म्हणाल्या, तुझी ड्युटी संपली की वॉर्डात बाकड्यावर बसून नुसतं बघ. बसले. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर पंचेचाळीस, शेतातून उचलून आणलेले म्हातारे आजोबा, अंग कोरडं ठाक, शीरच सापडेना. सिस्टरनी रबरी हातमोजा दंडाला करकचून बांधला, मनगटावर दोन बोटांनी टकटक करत बसल्या, मागं मुलगा ओरडतोय, अजून एक बाई बेडपॅन मागतेय, फोन वाजतोय, आणि यांची नजर हलली नाही. इंट्राकॅथ (सलाईनची शिरेतली नळी) गेली, मागं रक्त दिसलं, मोजा सोडला, सलाईन चालू, मग त्या मुलाकडं वळून म्हणाल्या, 'आता बोल भाऊ, काय म्हणत होता.' मग बेडपॅनही त्यांनीच दिलं कारण वॉर्डातल्या मदतनीस मावशी जेवायला गेल्या होत्या. आठ तास उभं राहून हे. मला चक्कर आली नाही, किळस आली नाही, उलट उठावंसं वाटेना. ऑफिसातल्या फॉर्मवर 'आपल्याला सेवेची आवड आहे का, हो/नाही' असा रकाना होता, त्यावर टिक मारून हे कळलं नसतं.

घरी सासूबाईंचा प्रश्न एकच, 'रातले ड्युटी लागनी त पोरस्ले कोन दखी?' याचं उत्तर कुठल्याच मार्गदर्शन केंद्राकडं नाही, ते मिस्टरांकडून घ्यायचं असतं, आणि त्यांनी 'मी बघतो' म्हटलंय, बघू किती दिवस.

माझं ठरलं ते असं. यावर्षी जीएनएमचा फॉर्म सरकारी संस्थांसाठीच भरतेय, यादीत नंबर लागला तर नोकरी सोडून बसेन. खाजगीत लाखांनी कर्ज काढून सदतिसाव्या वर्षी आज घेते तेवढ्याच पगारावर लागायचं, हे बीकॉमवाल्या डोक्याला पटत नाही. तुम्ही तिशीच्या आत असाल, नाहीतर 43 वाल्या असाल, तर खाजगीचाही विचार करा, पण आधी नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव बघा आणि पॅरेंट हॉस्पिटलला स्वतः जाऊन बेड मोजा.

या ऑफिसला जायचंच असेल तर कोर्सची बेसिक माहिती घ्यायला जा, काउंटरवरच्या पोरीशी बोला, सर बाहेर यायच्या आत निघा. दुसरा स्टार पाण्याचा आणि छापील फीचा. तिसरा मजला आहे, लिफ्ट बंद होती, रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. मोबाईल नंबर देऊ नका, दिला तर रोज दुपारी जेवायच्या वेळेला फोन येतो.