सणाच्या मांडणीसाठी जुनी भांडी: माळ्यावरची, मोडीतली की नवी ‘अँटिक’?

चैत्रगौरीची आरास, भाद्रपदात गौरी-गणपतीपुढे केलेली मांडणी आणि दिवाळीतले फराळाचे टेबल यांसाठी जुनी पितळी-तांब्याची भांडी वापरावीत असे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक मराठी घरांत वाटते. प्रश्न येतो तो ही भांडी आणायची कुठून याचा. एक तर घरातली किंवा गावाकडच्या माळ्यावरची काढायची, दुसरे म्हणजे मोडीत आलेल्या मालातून निवडून विकत घ्यायची आणि तिसरे म्हणजे जुन्यासारखी दिसणारी नवी, म्हणजे ‘अँटिक फिनिश’ची घ्यायची. तिन्हींचा खर्च, टिकाऊपणा आणि डोकेदुखी वेगवेगळी असल्याने निवड करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवलेली बरी: ती वस्तू मांडणीत नेमके कोणते काम करणार आहे? तिच्यात पाणी राहणार, ज्योत जळणार, अन्न वाढले जाणार की ती नुसती शोभेला उभी राहणार, यावर पुढचा बराचसा निर्णय अवलंबून आहे. वस्तूचे वय हा माझ्या मते त्यानंतरचा मुद्दा आहे.

माळ्यावरच्या भांड्यांना पैसे पडत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा नाही. घंगाळ, हंडा, कळशी, परात, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, अडकित्ता, कुंकवाचा करंडा अशा वस्तू एकाच घरात वापरल्या गेलेल्या असल्याने त्यांची मापे, घडण आणि धातूचा रंग एकमेकांशी जुळतो, आणि विकत घेऊन जमवलेल्या संचात हा मेळ सहसा साधत नाही. अडचण असते ती आकाराची आणि मालकीची. येळ्ळूर किंवा उचगावच्या जुन्या घरातला वीस-पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाचा हंडा टिळकवाडीच्या फ्लॅटमधल्या टेबलावर ठेवला, तर टेबलावर दुसरे काही मावत नाही. शिवाय भांडी एकत्र कुटुंबाची असतील, तर ती नेण्यापूर्वी काकू, आत्या, थोरल्या जाऊबाई अशा सर्वांना विचारलेले असावे. वाटणी न झालेल्या भांड्यांवरून जेवढी मने दुखावतात, तेवढी कधी कधी जमिनीवरूनही दुखावत नाहीत. सणापुरते मागून आणणे आणि सण झाला की घासून परत करणे हा सर्वांत निर्वेध मार्ग आहे.

मोडीतल्या मालाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण फसगतही येथेच होते आणि उत्तम वस्तूही येथेच मिळते. नवी भांडी घेताना जुनी मोडीत देण्याची रीत आपल्याकडे चालत आली आहे. त्यातले चांगले नग वितळवायला न पाठवता बाजूला काढून ठेवणारे दुकानदार जुन्या पेठांतून आढळतात. अशा नगाची किंमत वजनावर ठरते आणि त्यावर दुकानदार त्याच्या घडणीचे काही पैसे लावतो. म्हणून पहिला प्रश्न वजनाचा विचारावा, दुसरा त्या दिवशीच्या मोडीच्या भावाचा, आणि या दोहोंवरून निघणाऱ्या रकमेपेक्षा किती जास्त मागितले जात आहे ते पाहावे. ही जादा रक्कम म्हणजे कारागिरीचे मोल. कारागिरी दिसत असेल तर ती द्यावी, दिसत नसेल तर देऊ नये.

कारागिरी ओळखायची कशी, हे एका घंगाळावरून पाहता येईल. घंगाळ उलटे करून बुडाशी नजर टाकावी. खरोखर वापरलेल्या भांड्याच्या बुडावर चारही दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात आणि काठाचा टेकणारा भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. अंगावर हातोडीच्या ठोक्यांच्या उथळ खुणा असतात, पण त्या यंत्राने उठवलेल्या नक्षीप्रमाणे एकसारख्या नसतात. कडी जिथे रिवेटने बसवली आहेत तिथे आतल्या बाजूने बोट फिरवून भेग आहे का ते पाहावे, कारण भांडे तिथूनच फाटते. काठ दोन बोटांत सैल धरून टिचकी मारल्यास सलग, लांबणारा नाद यावा. आवाज बद्द आला तर कुठे तरी भेग आहे किंवा डाख देऊन डागडुजी केली आहे असे समजावे. डागडुजी हा दोष नव्हे, तथापि पाणी भरून ठेवायचे असेल तर भांडे पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवून खात्री करावी. दुकानदार यास नकार देत असेल, तर उत्तर मिळालेच.

भांड्याच्या काठावर किंवा पोटावर ठिपक्यांनी कोरलेली नावे हा आपल्या भागातल्या मोडीचा खास आनंद आहे. नाव कधी मराठीत असते, कधी कन्नडमध्ये, आणि लग्नात अहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याच्या नावाबरोबर तारीखही असते. वयाचा याहून सोपा पुरावा नाही. मात्र ठिपके नीट पाहावेत. पूर्वीचे ठिपके घासून घासून बोथट झालेले असतात, तर भाव वाढावा म्हणून अलीकडे पाडलेल्या ठिपक्यांच्या कडा बोटाला टोचतात आणि आतून चकाकतात. दुसऱ्याच्या घराण्याचे नाव कोरलेले भांडे आपल्या गौरीपुढे मांडावे की नाही, याविषयी घरोघरी मते निराळी असतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, पण सासूबाईंना वाटत असेल तर नाव मागच्या बाजूला वळवून ठेवावे.

याच्या तुलनेत नव्या ‘अँटिक’ मालाची परीक्षा सोपी आहे. पितळी वस्तूंचा बराचसा माल उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून येतो आणि त्यात उत्तम पितळही असते, त्यामुळे नवा माल म्हणजे वाईट माल असे समजण्याचे कारण नाही. धातूला रसायनाने काळपट करून उंच भाग घासून उजळ करतात आणि वर लाखेचा किंवा लॅकरचा पातळ थर देतात, म्हणजे तो रंग टिकून राहतो. खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे: पितळ आणि तांबे त्याला चिकटत नाहीत, त्यामुळे ते चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे. ॲल्युमिनिअम मात्र चुंबकाला सापडत नाही. ते हातात घेतल्यावर हलकेपणावरून कळते. काळपटपणा बुडाखालीही तितकाच, अगदी एकसारखा असेल, तर तो वापराने आलेला नाही, एवढे निश्चित.

नव्या मालाची खरी मर्यादा सण सुरू झाल्यावर कळते. चिंच-मिठाने किंवा लिंबाने घासले की तो कमावलेला काळपटपणा आणि वरचा थर दोन्ही निघून जातात आणि भांडे ठिकठिकाणी पिवळे, ठिकठिकाणी काळे दिसू लागते. जुने पितळ मात्र कितीही वेळा घासले तरी पुन्हा उजळते, आणि नुसते कोरड्या फडक्याने पुसले तर मंद राहते. म्हणजे जुन्या वस्तूचा दिसण्याचा ढंग दर सणाला बदलता येतो, नव्या वस्तूचा एकदा ठरलेला असतो. समईच्या बाबतीत मात्र मी नव्याच्या बाजूने बोलेन, अट एकच, ती लॅकर न दिलेली असावी. जुन्या समईचे बैठक, दांडी आणि तबक हे भाग वेगवेगळ्या संचांतून एकत्र आलेले असले तर आटे जुळत नाहीत, समई एका अंगाला कलते आणि तेल गालिच्यावर ठिबकते. पडदे, कागदी मखर आणि लहान मुले असलेल्या खोलीत कललेली समई कितीही देखणी असली, तरी ती ठेवण्यात शहाणपणा नाही.

ऋतूनुसारही पारडे बदलते. चैत्रात हवा कोरडी असते आणि मांडणीत खाण्याचे पदार्थ मुख्य असतात, म्हणून येथे कल्हईचा प्रश्न सर्वांत आधी येतो. कैरीची डाळ आणि पन्हे हे दोन्ही आंबट, आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात. मोडीतून आणलेल्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा, सलग थर दिसत नसेल, तर कल्हई करून घेईपर्यंत त्यात अन्न ठेवू नये. कथील सुमारे 232 अंश सेल्सिअसला वितळत असल्याने कल्हई केलेले रिकामे भांडे विस्तवावर तापवूही नये. कल्हईवाला वेळेवर मिळणार नसेल, तर पितळी भांड्यात काचेची किंवा स्टीलची वाटी बसवून पन्हे त्यात द्यावे, दिसायला काही फरक पडत नाही. फळांच्या परडीत थोडी गोकाकची रंगवलेली लाकडी फळे मिसळली, तर जुन्या परातीला ती फार शोभतात.

भाद्रपदात उलट परिस्थिती असते. खानापूरच्या बाजूला आणि बेळगावातही त्या सुमारास हवा दमट असते, घासलेले पितळ चार दिवसांत मंदावते आणि जुन्या लाकडी पेटीवर किंवा चौरंगावर बुरशीचे पांढरे डाग येऊ शकतात. येथे पाण्याने भरलेले घंगाळ आणि त्यात सोडलेली फुले हा सर्वांत सोपा व कमी खर्चाचा मध्यबिंदू आहे. लाकडी जुनी वस्तू मात्र सादळलेल्या भिंतीपासून दूर ठेवावी. खाली अंथरण्यासाठी घरातली जुनी इरकल किंवा शहापुरी साडी असेल तर नवे टेबलक्लॉथ घेण्याचे कारण नाही, फक्त भांड्याखाली जाड कागद घालावा, कारण ओल्या पितळेचा हिरवा डाग कापडावरून सहजासहजी जात नाही.

धातूखेरीजच्या वस्तूंविषयी थोडक्यात. चिनी मातीच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या, कंदील आणि एनॅमलची ताटे यांत खोटा माल त्या मानाने कमी आढळतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील काचेसकट मिळाला तर दिवाळीच्या टेबलासाठी तो जरूर घ्यावा. टवके उडालेल्या एनॅमलमध्ये आणि रंगीत झिलईच्या अनोळखी जुन्या भांड्यांत अन्न वाढू नये, कारण जुन्या झिलईत शिसे असण्याची शक्यता असते. फुले, दिवे किंवा न सोललेली फळे ठेवण्यास हरकत नाही. मातीच्या पणत्या आणि कुंड्या खानापूरच्या असाव्यात. त्या नव्याच असतात आणि नव्याच चांगल्या.

कायद्याची एक बाजू खरेदीदाराच्या ध्यानात राहत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या मूर्ती, नाणी, चित्रे आणि कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात. त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. रोजच्या वापरातल्या तांब्या-पातेल्यांच्या खरेदीत हा प्रश्न क्वचितच उद्भवतो, परंतु कोणी ‘शेतात सापडलेली’ दगडी किंवा पंचधातूची मूर्ती स्वस्तात देऊ करत असेल, तर ती मांडणीत शोभेल की नाही याचा विचारही करू नये. परदेशी राहणाऱ्या भाचीला जुनी वस्तू भेट द्यायची असेल, तर ‘शंभर वर्षांची’ म्हणून विकली जाणारी घेण्याऐवजी चांगली नवी घ्यावी.

पहिल्यांदाच मांडणी करणाऱ्याने, माझ्या मते, मोडीतून एकच मोठा नग घ्यावा, घंगाळ किंवा परात, आणि त्यावर पैसे खर्च करावेत. लहानसहान वस्तू घरातून किंवा नातेवाइकांकडून मागून आणाव्यात. समई नवी घ्यावी. ‘अँटिक फिनिश’चा पूर्ण संच एकदम घेण्याचा मोह होतो, कारण तो एका फेरीत मिळतो आणि चटकन मांडून होतो, परंतु पुढे विकायला गेल्यास मुलाम्याच्या मालाला मोडीत भाव मिळत नाही, आणि जुन्या घंगाळाचे निदान वजन तरी होते. खरेदीसाठी गणपतीच्या आधीचे आठवडे टाळावेत, त्या गर्दीत भांडे उलटे करून पाहायला कोणी वेळ देत नाही. संक्रांतीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ बरा, शिवाय चैत्रगौरीपूर्वी कल्हई करून घेण्यास पुरेसे दिवस हाताशी राहतात. ठेवताना जुने पितळ पूर्ण कोरडे करून सुती कापडात गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून राहतो. लॅकर दिलेल्या वस्तू एकमेकींना घासणार नाहीत अशा बेताने मध्ये कागद घालून ठेवाव्यात, कारण त्यांच्यावर पडलेला ओरखडा घासून काढता येत नाही.