गोड मेलपायी साडेअठरा हजार गेले, लिहिणाऱ्यांनी नक्की वाचा

मी सेलूची, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. १९७२ च्या दुष्काळावर कादंबरी लिहिली, आठ वर्षं लागली. आमची आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची त्याची गोष्ट, सुकडीच्या रांगा, मिलोची लाल भाकर जी लेकरांच्या घशाखाली उतरत नव्हती, ते सगळं. पदरचे पैसे घालून ५०० प्रती छापल्या, निम्म्या अजून माळ्यावर आहेत. मग भाचीनं हौसेनं इंग्रजी केलं आणि अमेझॉनवर ई-बुक टाकलं, आणि तिथूनच हे सुरू झालं.

दिवाळीनंतर एक मेल आला इंग्रजीत. एक बाई, परदेशातल्या कुठल्याशा बुक क्लबची म्हणून सांगत होती, हजारो वाचक आहेत म्हणे. लिहिलं होतं की माझ्या कादंबरीतली सावित्रा डोक्यावर हंडा नाही तर एका अख्ख्या पिढीचं ओझं वाहते, तिच्या तीन लेकी म्हणजे तीन प्रकारची भूक आहे, असलं बरंच काही. भाचीनं मला मराठीत करून वाचून दाखवलं आणि खरं सांगते, मला रडू आलं. कारण पुस्तक निघून दीड वर्ष झालं होतं, परभणीपासून अंबाजोगाईपर्यंत ओळखीच्या सगळ्यांना प्रती दिल्या, "छान आहे मॅडम" याच्या पुढं एकानंही एक वाक्य बोललं नव्हतं, आणि इथं सातासमुद्रापलीकडची बाई माझ्या सावित्राबद्दल पानभर लिहीत होती. असं फसवणाऱ्यांचा धंदा याच भुकेवर चालतो. लिहिणाऱ्याला पैशाची हाव असते म्हणून नाही, कुणीतरी वाचलं एवढंच ऐकायला आपण तरसलेलो असतो.

पहिल्या दोन मेलमध्ये पैशाचा शब्द नाही. तिसऱ्यात आलं की क्लबच्या यादीत नाव घालायला ६० डॉलर, साडेपाच हजाराच्या आत बसलं, भरले. मग आठवड्यानं, वाचकांना वाचायचा वेळ काढावा लागतो तर प्रत्येकाला थोडी टिप द्यायची पद्धत आहे, बदल्यात ते अमेझॉनवर रिव्ह्यू टाकतील, त्याचे १५० डॉलर. तेही भरले, माझ्याच कार्डानं, ओटीपी मीच टाकला. पैसे देऊन रिव्ह्यू घेणं अमेझॉनच्या नियमात बसतच नाही हे मला नंतर कळलं, म्हणजे रिव्ह्यू आले असते तरी काढून टाकले असते.

एक पण आला नाही. विचारलं की नवीन कौतुक आणि नवीन फी.

तेव्हा भाचीला शंका आली. ती म्हणाली, मावशी, यांनी जे जे लिहिलंय ते सगळं आपण अमेझॉनवर टाकलेल्या दहा ओळींच्या माहितीत आहे गं, हंडा, तीन लेकी, खडी, त्याच्या बाहेरचं काहीच नाही. मी परत पहिल्यापासून सगळे मेल वाचले, तर खरंच. त्या दहा ओळी एआयला दिल्या की पाच मिनिटात तो असली दहा पत्रं लिहून देतो, प्रत्येक लेखकाला वेगळं, प्रत्येकाच्या पात्रांची नावं घालून. म्हणून तर ते पूर्वीच्या चुकांनी भरलेल्या लॉटरीच्या मेलसारखं वाटत नाही. मग मी मुद्दाम विचारलं, शेवट कसा वाटला? लगेच उत्तर, आजोबा खोदत असलेल्या विहिरीला पाणी लागतं तो प्रसंग वाचून डोळे भरून आले. माझ्या कादंबरीत आजोबा दुसऱ्याच प्रकरणात वारतात. विहीर नाहीच. शेवट बैलजोडी बाजारात विकण्यावर आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. तिथं तक्रार घेतली, नंबर दिला, पण जितक्या लवकर कळवाल तितकं बरं असतं, पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात, हे ध्यानात ठेवा. बँकेनं सांगितलं ओटीपी तुम्हीच दिला. मिस्टरांना सांगायला मला आणखी आठ दिवस लागले, त्या लाजेतच उशीर झाला, तसं करू नका, त्याच दिवशी घरात सांगा.

तुम्हाला असा मेल आला तर आधी पुस्तकाच्या आतलं काहीतरी विचारा, जे मागच्या कव्हरवर नाही. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय बघा, माझ्याकडं आलेला साध्या जीमेलचा होता, एवढ्या मोठ्या क्लबचा स्वतःचा पत्ता नव्हता. गेलेले पैसे काढून देतो म्हणणारे पण येतात मागून, मला दोघांचे मेल आले, त्यांनाही आधी फीच पाहिजे.

परवा सकाळी आणखी एक आला. नाव निराळं, क्लब निराळा, यावेळी कुणी पुरुष. सावित्राचं कौतुक, तीन लेकींचं कौतुक, आणि खाली लिहिलंय की आजोबांच्या विहिरीला पाणी लागतं तो प्रसंग ते कधीच विसरणार नाहीत.