के-नाइन्स की हेडलॅम्प?

क्युबरनेटिसच्या (कंटेनरमधली ॲप्स अनेक मशीनवर चालवणाऱ्या यंत्रणेच्या) क्लस्टरवर, म्हणजे त्या मशीनच्या गटावर, नजर ठेवायला ही दोन्ही टूल्स फुकट आणि ओपन सोर्स: के-नाइन्स टर्मिनलमध्ये चालतं, हेडलॅम्प ब्राउझरमध्ये किंवा डेस्कटॉप ॲप म्हणून. टीममधल्या इतरांना दाखवायचं असेल, तर हेडलॅम्प उजवं. ज्याला डिलीटची परवानगी नाही, त्याला ते बटणच दिसत नाही, त्यामुळे टेस्टरला लिंक देताना धाकधूक नसते. मात्र क्लस्टरमध्ये बसवलं आणि ओआयडीसी (दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन) जोडलं नाही, तर लॉगिनला टोकन, म्हणजे तात्पुरती ओळखीची किल्ली, मागतं. क्युबसीटीएलने (क्युबरनेटिसच्या कमांड-लाइन टूलने) काढलेलं टोकन मुदत न देता घेतलं, तर तासाभरात संपतं.

मग डेस्कटॉप ॲप का नको? तिथेच घोडं अडतं. ईकेएसच्या (एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या क्युबरनेटिस सेवेच्या) क्युबकन्फिगमध्ये, म्हणजे क्लस्टरला जोडण्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टोकन नसतंच. ते दर वेळी एडब्ल्यूएसची कमांड चालवून आणलं जातं. एका टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेलं प्रोफाइल (कोणतं एडब्ल्यूएस अकाउंट वापरायचं ते) डॉकमधून उघडलेल्या ॲपला ठाऊक नसतं. दोन अकाउंट असली, की टोकन डिफॉल्ट प्रोफाइलचं येतं आणि क्लस्टर 'अनऑथराइज्ड' म्हणून दारातूनच परत पाठवतो. माणूस मात्र आरबॅकचे (कोणाला काय परवानगी ते ठरवणारे) रोल चाळत बसतो. इलाज आहे: एडब्ल्यूएसची अपडेट-क्युबकन्फिग कमांड चालवतानाच प्रोफाइलचा पर्याय द्यायचा, म्हणजे नाव फाइलमध्येच लिहिलं जातं. पण हे प्रत्येक क्लस्टरसाठी, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. के-नाइन्स त्याच टर्मिनलमधून उघडतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. माझं मत इथेच झुकलं. एकच अकाउंट असलेल्यांना कदाचित हे जाणवणारही नाही.

क्रॅशलूपमध्ये (पुन्हा पुन्हा सुरू होऊन कोसळण्यात) अडकलेल्या पॉडवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या एककावर, के-नाइन्सच्या यादीतच 'पी' दाबा: आधी मेलेल्या कंटेनरचे लॉग समोर. कारण बहुतेकदा तिथेच असतं, नव्याने तर अजून तोंडही उघडलेलं नसतं. सुरुवातीला शेवटच्या १०० ओळीच येतात. जावाच्या लांबलचक स्टॅकट्रेसला त्या पुरत नाहीत, म्हणून कन्फिगमध्ये लॉगरचा 'टेल' १००० करून ठेवावा. 'एस'ने शेल मिळतो, पण डिस्ट्रोलेस इमेजमध्ये शेलच नसल्याने तिथे हात हलवत परत यावं लागतं.

के-नाइन्सचा धोका एकच. कंट्रोल-डी डिलीट करण्याआधी विचारतं, कंट्रोल-के पॉड न विचारता मारतं, आणि या दोन कळांमधलं अंतर रात्री दोन वाजता फारच कमी वाटतं. प्रॉडक्शनच्या कॉन्टेक्स्टपुरतं (त्या क्लस्टरच्या जोडणीपुरतं) 'रीडओन्ली' ट्रू करा, आणि त्याला लाल स्किन लावा.